लाल बटण खरोखर चालते काय?

मंडईच्या अवतीभोवती, बोहरी आळीपासून गंज पेठेपर्यंत, आमच्या कित्येक बांधवांची रोजी मोटारीवर आहे. कोठे मसाला कांडप, कोठे खिम्याचे मशीन, कोठे लेथ वा बफिंग. पुष्कळ मशीनवर छत्रीच्या आकाराचे लाल बटण असते. अडचणीच्या वेळी दाबायचे म्हणून ते बसवतात, आणि बसवल्यापासून त्याला कोणी हात लावत नाही.

हे बटण बहुधा मोटारीचा पुरवठा स्वतः तोडत नाही. ते स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वीज तोडते, मग कॉन्टॅक्टर उघडतो आणि मोटार थांबते. ठिणग्यांनी कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले असतील तर बटण दाबूनही मोटार फिरत राहील. म्हणून बंद मशीनवर बटण दाबून ‘टक’ आवाज ऐकणे ही तपासणी नव्हे.

मशीन रिकामे ठेवा, गार्ड जागेवर असू द्या, पोरांना दूर उभे करा. एक जाणता माणूस मेन स्विचपाशी ठेवा. बटणाने मशीन थांबले नाही तर त्याने तत्काळ मेन पाडावा. आता मशीन सुरू करून लाल बटण दाबा. जड चाक थोडा वेळ फिरेल, ते किती सेकंद हे घड्याळात पाहा. बटण दाबलेले असतानाच हिरवे बटण दाबा. मशीन हलता कामा नये. मग लाल बटण फिरवून सोडा. तरीही मशीन आपोआप सुरू होता कामा नये, हिरवे दाबल्यावरच झाले पाहिजे. स्टार्टर न लावता बटण थेट मोटारीच्या लाइनमध्ये जोडलेले असेल तर नेमके येथेच ते फसते. अडकलेला हात सोडवताना कोणी घाईत बटण सोडले तर काय होईल, हे सांगायला नको.

यांपैकी एकही गोष्ट चुकली तर दुरुस्तीपर्यंत मशीन बंद ठेवावे. झाकण उघडताना मात्र लाल बटणावर विसंबू नये. आत वीज असतेच. मेन पाडून फ्यूज खिशात ठेवा. मीटर आधी चालू लाइनवर पाहा, मग मशीनवर, मग पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे मीटरच बिघडलेला नाही याची खात्री होते. शॉकपासून बचाव हे ई.एल.सी.बी.चे काम, त्याचे ‘टी’ बटण वेगळे तपासावे.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २४ ने धोक्याच्या वेळी वीज तोडण्याची सोय बंधनकारक केली होती, परंतु चारदोन माणसांच्या गाळ्यांना तो कायदा सहसा लागू होत नसे. आमच्या गाळ्यात इन्स्पेक्टर येणार नाही. शिकायला ठेवलेल्या पोराचे हात ही उस्तादाकडची अमानत आहे, आणि उंट बांधून मगच तवक्कुल करावे ही शिकवण आपणांस ठाऊक आहे.

महिन्याच्या पहिल्या जुम्याला, नमाजसाठी काम थांबवण्याआधी, ही तपासणी उरकावी. त्याच वेळी पोराला त्याच्या जागेवर उभे करून उजवा हात पाठीमागे ठेवायला सांगा आणि डावा हात बटणापर्यंत पोचतो का पाहा. आड मिरचीची पोती आली असतील तर ती आधी हलवा.