थंडी वाजते

मुलांनो, गेल्या डिसेंबर महिन्यातली गोष्ट. आठवीच्या वर्गाला मी 'माझा आवडता ऋतू' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलाने पहिलीच ओळ लिहिली, "मला सर्दी फार आवडते." मला हसू आले, पण मी त्याला रागावलो नाही. उर्दूत 'सर्दी' म्हणजे थंडीचे दिवस. त्याने घरातला शब्द उचलून मराठीच्या वहीत ठेवला होता. मराठीत मात्र 'सर्दी' म्हणजे नाक गळणे आणि शिंका येणे. ज्याला सर्दी फार आवडते, त्याला मराठी माणूस आधी डॉक्टरकडे पाठवील!

मग मी फळ्यावर 'थंडी' हा शब्द लिहिला आणि वाक्य करायला सांगितले. एका मुलीने लिहिले, "मला थंडी लागते." तिचेही अगदीच चुकले नव्हते. मराठीत भूक लागते, तहान लागते, झोपही लागते. पण थंडी? मराठी कानाला सवय आहे ती 'थंडी वाजते' या शब्दांची. मी तसे सांगताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, घंटा वाजते, ढोल वाजतो. थंडी कशी वाजेल?"

हाच प्रश्न मी सहावीत असताना आमच्या मराठीच्या बाईंनी विचारला होता. उत्तर फक्त माझ्याजवळ होते, आणि मी ते दिले नव्हते. तेच आज तुम्हांला सांगतो.

माझे बालपण मालेगावात गेले. नाशिक जिल्ह्यातले हे गाव यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. गावातून मोसम नदी वाहते आणि पुढे गिरणा नदीला मिळते. रात्रंदिवस मागांची खडखड चालू असते. आम्हांला तिची इतकी सवय झाली होती की, वीज जाऊन माग थांबले, तर झोपेतून जाग येई. शुक्रवारी माग बंद असत. त्या दिवशी गल्लीतले बारीकसारीक आवाजही ऐकू येत : नळाच्या पाण्याचा आवाज, कोंबड्यांचा आवाज, दुरून येणारी फेरीवाल्याची हाक.

मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या मुलांना आमच्याकडच्या थंडीची कल्पना येणार नाही. समुद्राजवळची हवा दमट असते, त्यामुळे तिथे रात्री फारशा गार होत नाहीत. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. त्यात उत्तरेकडून गार वारे येतात. आमच्याच जिल्ह्यातल्या निफाडचे नाव तर थंडी पडली की वर्तमानपत्रात ठरलेलेच असते.

आमचे घर पत्र्याचे होते. पहाटे पत्र्यावरून दवाचे थेंब टपटपत. अब्बा रात्रपाळी करून सकाळी घरी येत, तेव्हा त्यांच्या केसांत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत. अम्मी भुशाची शेगडी पेटवून ठेवी. भुसा नीट ठासला नाही, तर शेगडी नुसती धुमसते आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. अब्बा शेगडीवर हात शेकत, आल्याचा चहा घेत आणि मग झोपत. ते झोपले की आम्ही भावंडे कुजबुजत भांडत असू. भांडणाचे कारण एकच : रजई. आम्ही चौघे आणि मोठी रजई एकच. कडेला झोपणाऱ्याचा अर्धा भाग नेहमी उघडा.

या रजईविषयी थोडे सांगितले पाहिजे. ऊब रजई देते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ऊब आपल्याच शरीराची असते. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. दोन-तीन हिवाळे गेले की कापूस दबतो, त्याच्या गाठी होतात, आतली हवा निघून जाते. रजईचे वजन तेवढेच राहते, पण ऊब कमी होते. म्हणून कापूस बाहेर काढून पुन्हा पिंजावा लागतो. पिंजणे म्हणजे तंतू सुटे करून त्यांत पुन्हा हवा भरणे. हे काम करणारा तो पिंजारी.

माझे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, पिंजारी होते. ते मोसम नदीच्या पलीकडे राहत. थंडी सुरू झाली की खांद्यावर धनुकली घेऊन ते गल्लोगल्ली फिरत. धनुकली म्हणजे माणसाच्या उंचीएवढे लाकडी धनुष्य. तिला आतड्याची ताणलेली दोरी असते; तिला तात म्हणतात. डमरूसारख्या लाकडी ठोकळ्याने तातेवर आघात केला की ती थरथरते आणि कापूस भुरभुर उडतो. हाक मारण्याऐवजी नाना चालता चालता तात छेडत. टण्... टण्... शुक्रवारी तो आवाज दोन गल्ल्या आधीच ऐकू येई. शेजारच्या बायका म्हणत, "आली बाई थंडी!" मला लहानपणी खरोखरच वाटे की, हा आवाज थंडीचाच आहे.

1999 चा डिसेंबर. त्या वर्षी रमजान भर थंडीत आला होता. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरतो. (2030 साली तो जानेवारीत येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरअखेर पुन्हा येईल. तोवर तुम्ही बरेच मोठे झालेले असाल.) सेहरीच्या वेळी वजूचे पाणी अंगावर काटा आणी. नाना त्या वयातही रोजा ठेवून पिंजत. तोंडाला फडके बांधलेले, दाढीवर, पापण्यांवर कापूस.

त्या शुक्रवारी मी मित्रांबरोबर गल्लीच्या तोंडाशी गोट्या खेळत होतो. नाना आले. मुलांनी त्यांच्या मागे "टण् टण्" ओरडायला सुरुवात केली. एकाने मला विचारले, "हा म्हातारा तुमच्याकडे येतो ना? कोण आहे रे?" त्या मुलाच्या वडिलांचे स्वतःचे माग होते. मी म्हणालो, "मला नाही माहीत."

नाना चार पावलांवर होते. ऐकू आले की नाही, कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तात एकदा छेडली आणि ते सरळ पुढच्या गल्लीत गेले. आमच्या घरी अम्मी रजई उसवून त्यांची वाट पाहत बसली होती. इफ्तारच्या वेळी ती म्हणाली, "आज अब्बा आले नाहीत. तब्येत बरी नसेल." माझ्या हातातला खजूर हातातच राहिला. ती रात्र आम्ही उसवलेला कापूस आणि जुन्या चादरी अंगावर घेऊन काढली. त्या रात्री मी आपणहून कडेला झोपलो.

त्याच आठवड्यात बाईंनी वर्गात विचारले, "थंडी कशी वाजते, कोण सांगेल?" मी मान खाली घातली. सांगायचे, तर नानांचे सांगावे लागले असते. शेवटी बाईच म्हणाल्या, "थंडीने दात कडकड वाजतात ना, म्हणून!" सगळे हसले.

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळले की, अरबीत कापूस पिंजणाऱ्याला 'नद्दाफ' म्हणतात आणि आपल्याकडचे 'नदाफ' हे आडनाव त्याच शब्दाचे आहे. इ.स. 922 मध्ये बगदादला ज्यांना मृत्युदंड झाला, त्या थोर सूफी मन्सूर हल्लाज यांच्या नावातल्या 'हल्लाज' शब्दाचाही अर्थ तोच. हे मला सहावीत माहीत असते, तर मी अभिमानाने उत्तर दिले असते का? मला तसे वाटत नाही. गोट्या खेळणाऱ्या मुलांना बगदादशी काय देणेघेणे!

पुढच्या शुक्रवारी नाना आले. त्यांनी मागच्या अंगणात कापूस पिंजला. अंगणभर पांढरा ढीग झाला. रजईचे कापड पसरून ते मला म्हणाले, "बेटा, हे दोन कोपरे धर. नीट ताणून धर, नाहीतर सगळी रूई एका बाजूला जमेल." मी धरले. ते कापूस हाताने सारखा पसरत होते. मी दोनदा बोलायला तोंड उघडले आणि दोनदा मिटले. ईदच्या दिवशी त्यांनी मला इतर नातवंडांएवढीच ईदी दिली. एक रुपया कमी नाही, जास्तही नाही.

2004 साली नाना वारले.

"सर, मग तुम्ही त्यांना सांगितलेच नाही?" गेल्या डिसेंबरात वर्गाने विचारले. नाही, मुलांनो. त्याच शुक्रवारी मी ती रजई गादीवाल्याच्या दुकानात नेली. आता पिंजायला यंत्र आहे. त्याचा आवाज घरघर असा येतो आणि काम थोड्या वेळात होते. दुकानातल्या पोराने कापड पसरले. तो एकटाच होता. मी पिशवी खाली ठेवली आणि दोन कोपरे धरले.