पाण्याचा गुण आणि माशाचे बीज

वर्धा जिल्ह्यातील शेततळी व गावतलाव यांत पावसाळ्यात कटला, रोहू व मृगळ यांच्या बोटुकल्या सोडल्या जातात. एका तळ्यातील मासे उन्हाळ्यापूर्वी विक्रीयोग्य होतात, तर शेजारच्या तळ्यातील मासे खाद्य मिळूनही खुरटलेले राहतात. अशा वेळी दोष पाण्याला वा खाद्याला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु काही वेळा दोषाचे मूळ बीजात असते. पाणी व बीज यांचा संबंध कसा आहे, हे समजून घेण्यास समुद्रातील माशांचे उदाहरण फार उपयोगी पडते.

खारे पाणी व गोडे पाणी

समुद्राच्या एक हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. समुद्री माशाचे रक्त त्याहून कमी खारट असल्यामुळे त्याच्या शरीरातील पाणी सतत बाहेर झिरपते. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातील माशाची स्थिती याच्या उलट असते. पाणी त्याच्या शरीरात शिरत राहते. म्हणून तो पुष्कळ व पातळ मूत्र टाकतो आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या साहाय्याने पाण्यातील थोडेसे क्षार शोषून घेतो. शरीराची ही घडण जनुकांवर अवलंबून असते. पिल्लास निम्मी जनुके नराकडून व निम्मी मादीकडून मिळतात. गवळाऊ वासरात गाय व वळू या दोहोंचे गुण उतरतात, त्याचे कारण हेच होय.

हेरिंग माशाचा धडा

युरोपातील हेरिंग हा मासा कोकणच्या तारलीच्याच गणातील आहे. तो अटलांटिक महासागरात राहतो, तसाच बाल्टिक समुद्रातही राहतो. बाल्टिक समुद्रास अनेक नद्या मिळत असल्यामुळे तेथील पाणी महासागराच्या मानाने फारच कमी खारट आहे. शास्त्रज्ञांनी दोन्ही ठिकाणच्या हेरिंगची जनुके ताडून पाहिली व २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेक जनुके सारखीच आढळली; परंतु काही ठराविक जागी स्पष्ट फरक दिसला. २०१९ साली त्यांपैकी एका फरकाचा उलगडा झाला. बाल्टिकचे पाणी तांबूस असून त्यात तांबड्या छटेचा प्रकाश अधिक असतो. तेथील हेरिंगच्या डोळ्यातील एका प्रथिनात एकच लहानसा बदल झालेला असून त्यामुळे त्यास अशा प्रकाशात अधिक चांगले दिसते.

हा बदल कोणा एका माशाने सवयीने घडवून आणलेला नाही. लाखो पिल्लांपैकी काही थोडी पिल्ले हा गुण घेऊन जन्मली. ती अधिक जगली व त्यांची प्रजा वाढली. हजारो वर्षांत तोच तेथील वंशाचा गुण बनला. यास निसर्गाची निवड म्हणतात. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२३ साली तारलीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन पूर्ण केले आहे.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. सवय एका माशापुरती असते, तर गुण वंशातून चालतो. तसेच, निवड होण्यास मुळात वंशात विविधता असावी लागते. सर्वच मासे एकसारखे असतील तर निवड कशाची होणार?

आपल्या तळ्यातील मासे

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशातील अंगुल येथे संप्रेरक टोचून माशांचे प्रजनन घडवून आणण्यात यश मिळविले. नदीतून बीज गोळा करण्याची गरज त्यामुळे कमी झाली. मात्र एका अडचणीचा उगमही येथेच आहे. रोहूची मादी दर किलो वजनामागे सुमारे दोन ते तीन लाख अंडी देते. त्यामुळे मोजक्या जोड्यांपासून लक्षावधी बीज तयार होऊ शकते. पुढे त्याच बीजातून नर-माद्या राखल्या तर भावंडांचाच संयोग होतो. एकच वळू त्याच्याच कालवडींवर पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यास कळप खालावतो, तसेच येथे घडते. वाढ मंदावते, मरतूक वाढते.

उलट, निवड नीट केल्यास लाभही मोठा होतो. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंग येथील केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने १९९२ साली रोहूच्या सुधारणेचे कार्य हाती घेतले. त्यासाठी गंगा, यमुना, गोमती, सतलज व ब्रह्मपुत्रा या नद्यांतील रोहू एकत्र आणण्यात आले. निवडीमुळे दर पिढीस वाढीत सरासरी १७ टक्के भर पडली. १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ही जात 'जयंती रोहू' या नावाने देण्यात आली.

ज्या तळ्यातील पाणी उन्हाळ्यात आटते, तेथे माशास वाढीसाठी थोडेच महिने मिळतात. तेथे बीजाच्या चांगले-वाईटपणावरच सारा खर्च भरून निघणे अवलंबून असते.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे. नर-माद्या कोठून आणल्या व केव्हा बदलल्या, याची चौकशी करावी.

२. रोहू व कटला यांचा आपसांत संकर होतो. यास्तव निरनिराळ्या जातींचे प्रजनन एकाच टाक्यात करणाऱ्या केंद्राचे बीज टाळावे.

३. विक्रीनंतर उरलेले खुरटे मासे प्रजननासाठी राखू नयेत. मोठे मासे विकणे व लहान राखणे ही उलटी निवड होय.

४. बोटुकल्यांची पिशवी तळ्यात १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी. नंतर तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळून त्या सावकाश सोडाव्यात. वंश उत्तम असला तरी पाण्यातील एकाएकी बदल पिल्लास सोसत नाही.

५. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. वैशाखात पाण्याची पातळी टिकवावी व तळ्यात माशांची दाटी होऊ देऊ नये. बीज उत्तम आहे म्हणून ही काळजी सोडता येत नाही.

शेतकरी कपाशीचे बियाणे पारखून घेतो, वळू पाहून निवडतो. तीच दृष्टी मत्स्यबीजाकडेही वळविली, तर तळ्यातील पाण्याचे चीज होईल.