पद्मिनीला अल्टरनेटर बसवताना

माझी प्रीमियर पद्मिनी डायनामोच्या जमान्यातली. दिवसा ती बिनतक्रार धावायची. पण पावसाळ्यातल्या रात्री, ट्रॅफिकमध्ये, दिवे मंदावायचे आणि सकाळी सेल्फ कुरकुरायचा. आता डायनामोच्या जागी अल्टरनेटर आहे आणि गाडी कोणत्याही वेळी बाहेर काढतो. ज्यांना हे काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. बॅटरी बदलण्याआधी हिशेब मांडा. डिपरवरचे दोन हेडलाइट साधारण ८० वॅटचे, म्हणजे बारा व्होल्टला जवळपास ७ अँपिअर. त्यात वायपर, इग्निशन कॉइल, मागचे दिवे धरले की बेरीज पंधराच्या पुढे जाते. डायनामो रस्त्यावर वेगात असताना एवढं देतो. सिग्नलला इंजिन आयडलवर आलं की जवळजवळ काहीच देत नाही. मग सगळा भार बॅटरीवर. त्यामुळे मोठी बॅटरी आणून दुखणं फक्त पुढे ढकललं जातं. अल्टरनेटर कमी आरपीएमलाही चार्ज करतो, फरक तिथे आहे.

२. मल्टिमीटर घ्याच. इंजिन रात्रभर बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धीच. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. बॅटरीवर १४ आणि हेडलाइटच्या होल्डरवर १२ दिसले, तर मधले दोन व्होल्ट जुनी वायर, स्विच आणि गंजलेली अर्थिंग खातात. तिथे नवा अल्टरनेटर काय करणार? इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी या दोन्ही अर्थिंगच्या पट्ट्या काढा, खालचा रंग-गंज खरवडा, नवे थिंबल लावा. हेडलाइटना रिले द्या. माझ्या मते हे स्वस्तातलं काम आधी आणि अल्टरनेटर नंतर.

३. मारुती ८०० चा अल्टरनेटर पद्मिनीला बसवणारे कारागीर आहेत. ब्रॅकेट लेथवर नीट करून घ्या. तिन्ही पुली एका रेषेत नसतील तर फॅन बेल्ट टिकत नाही, आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. बेल्ट अंगठ्याने साधारण एक सेंटिमीटर दबावा.

४. अल्टरनेटरमधून बॅटरीकडे जाणारी वायर नवी आणि जाड टाका, बॅटरीजवळ फ्यूज लावा. जुनी वायर डायनामोच्या वीस-पंचवीस अँपिअरच्या मापाची. तिच्यावर जास्त भार टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण. डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा जुना कट-आउट या सर्किटमधून पूर्ण बाजूला करा, कारण रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच असतो. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मात्र काढू नका. त्याच्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब गेला तर चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता असते.

५. बॅटरीची टोकं उलटी जोडली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. डायनामोच्या चालू गाडीवर असे प्रयोग करणारे जुने मेकॅनिक अजून आहेत. त्यांना आधीच सांगून ठेवा.

६. गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल, तर निगेटिव्हला कट-ऑफ स्विच बसवा. टोकांना पेट्रोलियम जेली लावा, पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला.

७. बदल असा करा, की उद्या परत मूळ स्थितीत आणता यावा. चेसिस किंवा बॉडीला नवी भोकं पाडू नका, मूळ हार्नेस कापू नका. नव्या वायरी वेगळ्या स्लीव्हमधून न्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या व्हिंटेज नोंदणीसाठी २०२१ साली आलेल्या केंद्राच्या नियमांत गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे, आणि रॅलीतले परीक्षकही बॉनेट उघडून पाहतात. डायनामो दुरुस्त करायला चांगला आर्मेचर वाइंडर शोधायला आता बरीच वणवण करावी लागते. म्हणून कळकळीची विनंती : काढलेला डायनामो आणि कट-आउट भंगारात देऊ नका. पुसा, ऑइलच्या फडक्यात गुंडाळा, वायरिंगचा कागद सोबत ठेवा आणि गाडी विकाल तेव्हा नव्या मालकाच्या हातात द्या.