अनोळखी याचक आणि पात्रविचार

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात रावण पर्णकुटीच्या दारी येतो, तो प्रसंग आपण कीर्तनांतून अनेकवार ऐकलेला आहे. अंगावर भगवे वस्त्र, मस्तकी शिखा, हाती छत्री, पायी पादुका, खांद्यावर दंड व कमंडलू आणि मुखी वेदघोष. वेषात काहीही उणे नव्हते. (लक्ष्मणरेषा मात्र वाल्मीकींच्या मूळ कथेत नाही, ती पुढील काळातील कथाकारांची भर होय.) सीतेने त्यास आसन दिले, पाय धुण्यास पाणी दिले, अन्न सिद्ध असल्याचे सांगितले. अतिथीशी न बोलल्यास तो शाप देईल, या भयाने तिने आपले कुल, आपला विवाह, वनवासाचे कारण, सारे काही त्यास सांगून टाकले. आणि एवढे झाल्यावर तिने विचारले, आपले नाव काय, गोत्र व कुल कोणते, आणि या दंडकारण्यात आपण एकटे का फिरता? या प्रश्नासरशी सोंग संपले. रावणाने स्वतःचे नाव सांगितले.

प्रश्न अगदी योग्य होता. तो उशिरा विचारला गेला, इतकेच. आधी विचारावे आणि मग सांगावे, हा क्रम तेथे उलटला. अनोळखी मनुष्य पैसे मागू लागला की आपल्याही घरी बहुधा हाच क्रम उलटतो.

याचकाची चौकशी करणे म्हणजे दयाभावाचा अभाव, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे. तिला शास्त्राचा आधार दिसत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र हे तिन्ही पाहण्यास सांगितले आहे. म्हणजे पाहणे हा दानाचाच भाग ठरतो. परंतु त्याच प्रकरणातील तामस दानाचे लक्षण अधिक बारकाईने वाचावे. अपात्राला दिलेले दान आणि अनादराने, अवज्ञेने दिलेले दान ही दोन्ही तेथे एकाच श्लोकात, एकाच पंक्तीस बसविली आहेत. कोणासही डोळे झाकून द्यावे हे जसे मान्य नाही, तसेच दारी आलेल्यास चोर समजून त्याच्यापुढे नाणे फेकावे, हेही मान्य नाही. चौकशी अवश्य करावी. ती आदराने करावी.

येथे भिक्षा, दान आणि उसनवार यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. भुकेल्याला अन्न देताना विश्वासाचा प्रश्नच उद्भवत नाही; त्याची कहाणी खोटी असली तरी त्याची भूक खोटी असत नाही. दानाला पात्र पाहावे लागते. उसने देताना तर मनुष्याचा ठावठिकाणा माहीत असावा लागतो. अनोळखी मनुष्य बहुधा उसनवारीची भाषा बोलतो, ‘घरी पोहोचताच पाठवून देतो’ म्हणतो, आणि आपण मात्र दानाच्या भावनेने देतो. पुढे रक्कम परत आली नाही म्हणजे वर्षभर हळहळतो. त्यापेक्षा देतानाच मनाशी ठरवावे की ही रक्कम परत यावयाची नाही, आणि ती गेली तरी संसारास झळ लागणार नाही इतकीच असावी. कर्णाने कवचकुंडले दिली, तेव्हा ब्राह्मणवेषातील याचक इंद्र आहे, हे सूर्याने त्यास आधीच सांगून ठेवले होते. त्याने जाणून दिले. म्हणून कर्ण फसला, असे कोणी म्हणत नाही.

आपणां बडोदेकर मराठी मंडळींस आणखी एका गोष्टीपासून जपले पाहिजे, ती म्हणजे आपली मातृभाषा. आरतीच्या वेळी देवळाच्या पायरीवर कोणी शुद्ध मराठीत म्हणतो, ‘मी पंढरपूरहून आलो, स्थानकावर पिशवी चोरीस गेली.’ आपले मन तत्क्षणी विरघळते. परमुलखात पिढ्या काढलेल्यांना आपली बोली म्हणजे अर्धे नातेच वाटते. हे लबाडासही ठाऊक असते. भाषेवरून मनुष्याचे गाव कळेल. त्याची नियत कळणार नाही. अशा वेळी रोख रकमेऐवजी जे हवे तेच द्यावे. तिकीट हवे असल्यास सोबत जाऊन काढून द्यावे, औषध हवे असल्यास दुकानातून आणून द्यावे. पिशवी चोरीस गेली असेल तर रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदविण्यास बरोबर जाण्याची तयारी दाखवावी. खरा गरजू बहुधा हायसे वाटून सोबत येतो. ज्यास केवळ रोकड हवी, त्याची घाई तेथेच उघडी पडते.

वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. जुन्या मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्यापासून गुजरातेत व महाराष्ट्रातही सार्वजनिक धर्मादाय न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी क्रमांक विचारावा, पावती घ्यावी. प्रामाणिक संस्थेस याचा राग येत नाही.

हल्ली तर याचक दूरध्वनीवरूनच घरात शिरतो. मुलाचा अपघात झाला आहे, किंवा आपल्या नावावर गुन्हा दाखल आहे, किंवा खाते बंद होणार आहे, असे सांगतो. आवाजाची हुबेहूब नक्कलही आता यंत्राकडून करविता येते. तेव्हा आवाज ओळखीचा वाटला म्हणून मनुष्य ओळखीचा, असे समजू नये. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट केले होते. मोबाइलवरून पैसे स्वीकारताना पिन टाकावा लागत नाही, तो केवळ पैसे देताना लागतो, हे घरातील वृद्धांना समजावून द्यावे. येथेही क्रम तोच उलटा असतो : पलीकडील मनुष्य आपले नाव आधीच घेतो, म्हणून आपण त्यास ओटीपी सांगून बसतो. फोन ठेवावा, मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. विलंब जितका कमी, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

एक स्वानुभव सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. १९९८ साली एक वृद्ध गृहस्थ देवळात आले. पुण्यास मुलाकडे जावयाचे होते, पैसे हरवले होते. त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी मी एकाकडून फसलो होतो. मी सर्वांदेखत त्यांना म्हणालो, ‘ही गोष्ट आम्ही पुष्कळदा ऐकली आहे.’ ते काही न बोलता वळले. गुरुजींनी त्यांना थांबविले, बसावयास पाट दिला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मग शांतपणे मुलाचा पत्ता विचारला, तो काय करतो, शेजारी कोण राहतात, हे विचारले. गृहस्थ अडखळत बोलत होते; चपापल्यासारखे दिसत होते. तेवढ्यावरून कोणी त्यांस खोटे ठरविले असते. गुरुजी स्वतः स्थानकावर गेले आणि त्यांनी तिकीट काढून दिले.

तीन आठवड्यांनी देवळाच्या पत्त्यावर मनिऑर्डर आली. तिकिटाची रक्कम आणि वर अकरा रुपये हुंडीसाठी. कूपनावर दोनच ओळी होत्या. पाटाबद्दल आणि पाण्याबद्दल त्यांनी गुरुजींचे आभार मानले होते. तिकिटाचा उल्लेख त्यात नव्हता, माझाही नव्हता.