राइस प्लेटचं गणित

मेसच्या भाजीला नावं ठेवणं हा आपल्या हॉस्टेलचा राष्ट्रीय खेळ आहे. मीही तो तीन वर्षं इमानाने खेळलो. पण मेसची एक सोय असते, ती तिथून बाहेर पडेपर्यंत कळत नाही. साडेबाराला ताट तयार असतं आणि ते कुठे मिळेल हा प्रश्न नसतो. २०२४ च्या मे महिन्यात आठ आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी मी मुंबईत, फोर्टातल्या एका ऑफिसात दाखल झालो आणि पहिल्याच दिवशी दुपारी एक वाजता हा प्रश्न समोर उभा राहिला. मित्रहो, ट्रेनिंगचा रिपोर्ट कसा लिहायचा, ड्रॉइंग कसं वाचायचं हे सर सांगतीलच. दुपारी कुठे जेवायचं हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी 'गिव्हन डेटा' मांडतो. स्टायपेंड महिना ८,००० रुपये. डोंबिवलीला तिघांत एक खोली, माझा वाटा ३,०००. लोकलचा पास, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा, झेरॉक्स, मोबाईल हे सगळं वजा जाता दुपारच्या जेवणाला दिवसाला ८० रुपये उरत होते. घरून पैसे मागायचे नाहीत हे निघतानाच ठरवलं होतं, कारण त्याच वर्षी धाकट्या बहिणीची ॲडमिशन होती. जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन, म्हणजे ४५ मिनिटं. महिन्यात कामाचे दिवस २२. आता उत्तर काढा.

माझी पहिली उत्तरं सगळी चुकली. पहिल्या दिवशी ऑफिसातले सीनियर प्रेमाने एका एसी हॉटेलात घेऊन गेले. थाळी २६० रुपये, वर पाच टक्के जीएसटी. सगळे आपापले पैसे देत होते, मीही दिले आणि तीन दिवसांचं जेवण एका बैठकीत संपवलं. दुसऱ्या दिवशी स्वस्त जागा शोधत एकटाच हिंडलो. एका उडपी हॉटेलात राइस प्लेट ११० ला होती, पण दारात ही गर्दी. परत आलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. साहेब काही बोलले नाहीत, फक्त घड्याळाकडे बघितलं. तिसऱ्या दिवसापासून मी वडापावला शरण गेलो. दोन वडापाव ४० रुपये, उभ्या उभ्या पाच मिनिटांत खलास. रात्री आईचा फोन यायचा, "दुपारी काय जेवलास रे?" मी सांगायचो, "पोळी-भाजी."

हे साधारण अडीच आठवडे चाललं. मग एका संध्याकाळी सीएसएमटीहून सुटलेल्या जलद लोकलमध्ये, ठाणं यायच्या आत, डोळ्यांसमोर अंधारी आली. गर्दी इतकी की पडायलाही जागा नव्हती, हे नशीबच. कोणीतरी हाताला धरून चौथ्या सीटवर बसवलं, कोणीतरी पाण्याची बाटली दिली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दुपारी काय खाता?" इथे पोळी-भाजी सांगता येईना. तपासणीचे ५०० आणि औषधांचे ४१५ असे ९१५ रुपये गेले. वडापाव खाऊन मी काय वाचवलं होतं? राइस प्लेटशी तुलना केली तर रोजचे ७०, बारा दिवसांचे ८४०. म्हणजे ७५ रुपये तोट्यात, शिवाय एक रजा. इकॉनॉमिक्सच्या पेपरात असा प्रोजेक्ट मी स्वतःच रिजेक्ट केला असता.

आमच्या ऑफिसात एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे कोकणातले, फोर्टात तीस वर्षं काढलेली. रजेनंतर मी कामावर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय रे, तब्येतीला काय झालं?" मी सांगितलं. मामा म्हणाले, "वडापाव काय जेवण नाय रे. ते पोटाला दिलेलं आश्वासन. तू साहेब लोकांच्या मागनं हाटेल शोधलंस, तिथंच चुकलास. ज्याला रोज इथंच जेवायचं आणि पगार कमी, तो कुठं जातो ते बघ."

त्या दिवशी दुपारी मी खरंच दारात उभा राहून बघितलं. बँकांचे शिपाई, कुरियरवाले, पेढ्यांवरचे कारकून, हमाल. ही मंडळी मोठ्या रस्त्यावर दिसतच नव्हती. सगळी आत गल्ल्यांत वळत होती, बोरा बाजारच्या दिशेने. दादाभाई नौरोजी रोड किंवा सर फिरोजशहा मेहता रोडच्या तोंडावर खुर्चीत बसून जेवायला जे पैसे पडतात, त्याहून बरेच कमी पैसे त्याच भाजीला दोन गल्ल्या आत पडतात. असं का, यावर मी नंतर विचार केला. भाजी, पीठ, गॅस सगळ्यांना सारख्याच भावाने मिळतो, आचाऱ्याचा पगारही थोडाफार इकडे तिकडे. मोठा फरक पडतो तो जागेच्या भाड्यात. फोर्टातल्या जुन्या इमारतींत कितीतरी जागा पिढ्यान्‌पिढ्या पागडीच्या आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने आणि त्यानंतरच्या १९९९ च्या कायद्याने त्यांची भाडी फारशी वाढू दिली नाहीत. इमारतीची दुरुस्ती रखडते, मालक-भाडेकरूंचे खटले चालतात, ती वेगळीच कहाणी आहे. पण आपल्या ताटातली पोळी तिथे स्वस्त पडते, ती बरीचशी त्या जुन्या भाड्यामुळे. म्हणून बाहेरचा बोर्ड बघू नका. लाकडी जिना, झिजलेली लादी आणि दारात चपलांची रांग दिसली की आत डोकवा.

याच कारणाने नरिमन पॉइंटला हाल होतात. ती समुद्रात भर घालून तयार केलेली जमीन, तिथे उंच टॉवर आहेत पण जुन्या गल्ल्या नाहीत. माझी एक वर्गमैत्रीण तिथे ट्रेनिंगला होती. तिला कंपनीचं कँटीन नव्हतं, फुटपाथवरचं खाणं झेपत नव्हतं आणि नुसत्या पुरुषांच्या गर्दीत बाकावर दाटीवाटीने बसायचा कंटाळा यायचा. शेवटी ती आणि ऑफिसातल्या दोघी मिळून घरगुती पोळी-भाजी देणाऱ्या एका बाईंकडून डबा मागवू लागल्या. तीन डबे एकत्र असल्याने दर कमी पडला. मुलींनी जागा बघताना चवीआधी हात धुवायची जागा आणि स्वच्छतागृह बघावं असं तिने आवर्जून लिहायला सांगितलं आहे.

आता गर्दीचं बघू. क्यूइंग थिअरीचं ते लेक्चर आपण सगळ्यांनी झोपून काढलं, पण त्यातलं एक सूत्र अगदी कामाचं आहे. जॉन लिटल यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून ते 'लिटल्स लॉ' या नावाने ओळखलं जातं. आत सरासरी जितकी माणसं असतात, ती म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा सरासरी वेळ. मी त्या उडपी हॉटेलाबाहेर उभा राहून मोजलं. खुर्च्या २४, ऑर्डर देण्यापासून बिल चुकतं करेपर्यंत एका गिऱ्हाइकाला साधारण १८ मिनिटं. म्हणजे तीन मिनिटांत चार खुर्च्या रिकाम्या होतात. तुमच्यापुढे २० जण उभे असतील तर थांबायला १५ मिनिटं, जेवायला १८, जायला पाच आणि यायला पाच. एकूण ४३. हात धुवायला दोन मिनिटं उरतात. पुढे २४ जण असले की तुम्ही ऑफिसात उशिरा पोचलात, मग तुम्ही कितीही भराभर जेवा.

त्यानंतर मामांनी मला त्यांच्या खाणावळीत नेलं. बोरा बाजारातल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याने आधी खाली यायचं, मग चढणाऱ्याने वर जायचं. आत चार टेबलं, १६ खुर्च्या. मला वाटलं इथे तर आणखी वेळ लागणार. पण इथे मेनूकार्डच नव्हतं. बसलं की मिनिटभरात ताट समोर यायचं. तीन पोळ्या, एक उसळ, एक भाजी, वरण, भात, वाटीभर ताक. पैसे द्यायचे नाहीत, कूपन टेबलावर ठेवायचं. माणूस १२ मिनिटांत उठतो. १६ खुर्च्या आणि १२ मिनिटं म्हणजे पुन्हा तीन मिनिटांत चारच! २४ खुर्च्यांच्या हॉटेलाइतकीच माणसं ही एवढीशी खोली जेवू घालत होती. ऑर्डर, वाट बघणं, बिल आणि सुट्टे पैसे एवढंच काढून टाकलं होतं. आपल्या प्रॉडक्शनच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सेमिनारला हाच विषय का नाही घेतलास?" सर, तेव्हा मी जेवत होतो.

सुट्टं ताट १०० रुपयांना होतं. २२ कूपनांचं महिन्याचं पुस्तक घेतलं तर १,८७० रुपये, म्हणजे ताटामागे ८५. माझ्या बजेटपेक्षा पाच रुपये जास्त. संध्याकाळचा दुसरा कटिंग बंद केला आणि हिशोब जुळवला. शुक्रवारी तळलेला बांगडा मिळायचा, त्याचे वेगळे पैसे. तो मी आठ आठवड्यांत दोनदाच खाल्ला, दोन्ही वेळा मामांच्या पैशांनी.

मुंबईत खाणावळ ही काही आजची गोष्ट नाही. कुटुंब गावी ठेवून गिरणीत कामाला आलेले हजारो पुरुष अशाच घरगुती खाणावळींवर जगले आणि त्या खाणावळी बहुतेक बायका चालवत. चूल पेटवायला त्यांना भरमसाट व्याजाने पैसे काढावे लागत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते त्यांना बँकेचं कर्ज मिळावं यासाठी. १९८२ च्या संपात गिरण्या थांबल्या आणि जेवणाऱ्यांचा पगारही थांबला. मामांचे वडील गिरणीत होते. ते सांगायचे, संपात खाणावळवाल्या मावशीने कित्येक महिने उधारीवर जेवू घातलं. ती उधारी पूर्ण फिटली का, हे मी विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही.

डब्याबद्दल लिहिलं नाही तर तुम्ही म्हणाल मुंबईचा लेख आणि डबेवाले नाहीत! महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही व्यवस्था आपण दर वर्षी कुठल्या ना कुठल्या सेमिनारमध्ये ऐकतोच. हार्वर्डनेही २०१० मध्ये तिच्यावर केस स्टडी केली. ऑफिसात येणारे डबे मी हातात घेऊन बघितले. झाकणावर मधला मोठा आकडा उतरायच्या स्टेशनचा, एका कडेला इमारतीची अक्षरं आणि मजला, दुसऱ्या कडेला डबा निघाला त्या भागाची खूण. पत्ता नाही, नाव नाही. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे काम बंद पडलं आणि नंतर घरून काम करणाऱ्यांमुळे गिऱ्हाईक बरंच कमी झालं. पण एक गोष्ट लक्षात घ्या, डबेवाला डबा आणतो, रांधत नाही. मला डोंबिवलीत डब्याचे ७० रुपये रोज आणि पोचवण्याचे महिना ११०० असा दर सांगितला होता. बेरीज २,६४०. माझ्यासाठी बाद. ज्यांची मावशी किंवा आत्या मुंबईत आहे आणि सकाळी एक डबा जास्त भरायला तयार आहे, त्यांना मात्र दिवसाला ५० रुपयांत घरचं जेवण पडेल. त्या सुखी माणसांनी डब्यात भाताऐवजी पोळी नाहीतर भाकरी आणि सुकी भाजी मागावी. सकाळी आठला शिजलेला भात मे महिन्याच्या उकाड्यात दुपारी एकपर्यंत कोमट राहतो आणि जंतूंना वाढायला ५ ते ६० अंशांमधलंच तापमान लागतं.

स्वस्त जेवणाचे सरकारी प्रयत्नही मामांना तोंडपाठ होते. १९९५ च्या एक रुपयातल्या झुणका-भाकरीची आठवण ते अजून काढतात. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. मात्र सुरुवातीला वेळ बारा ते दोन होती आणि ताटं मोजकी, त्यामुळे एकला सुटणाऱ्याने त्यावर महिन्याचं गणित बांधू नये. एखाद्या दिवशी बदल म्हणून सीएसएमटीसमोर पेरिन नरिमन स्ट्रीटवरच्या पंचम पुरीवाल्याकडे पुरी आणि बटाट्याची भाजी खावी. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ सालचं, तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे, पण तो स्टायपेंडच्या दिवशी.

राहिली गोष्ट वेळेची. खाणावळीतही सव्वाला जिन्यापर्यंत रांग असायची. मी हिंमत करून साहेबांना विचारलं, "सर, मी साडेबाराला जाऊन सव्वाला परत आलो तर चालेल का?" वाटलं, आता ऐकावं लागणार. साहेब म्हणाले, "बरंच झालं. एक ते पावणेदोन टेबलावर कोणीच नसतं, फोन वाजत राहतो. तू घेत जा." त्यानंतर साडेबाराला मी गेलो की समोर कोणी नसे, पोळ्या तव्यावरून थेट ताटात. परत येऊन फोनवर बसायचो. साइटवरून येणारे प्रश्न त्या पाऊण तासात माझ्याकडे यायचे. सुरुवातीला नुसते लिहून ठेवायचो. सहाव्या आठवड्यापासून काहींची उत्तरं स्वतःच द्यायला लागलो.

शेवटच्या दिवशी माझ्याकडे तीन कूपनं उरली. खाणावळवाले पैसे परत देत नाहीत, म्हणून ती मामांना दिली. मामांनी ती ड्रॉवरमध्ये पंचिंग मशीनखाली ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या कालेजातला पुढचा पोरगा येईल त्याला देतो." ज्याला तिथे ट्रेनिंग मिळेल त्याने माझं नाव सांगून मागून घ्यावीत. कूपनावर तारीख नसते. जिना चढण्याआधी वरून कोणी उतरत नाही ना, एवढं बघा.