बेल वाजली तर दार तुम्हीच उघडा

दारावरची बेल वाजते. आई स्वयंपाकघरात सरकते, बाबा आतल्या खोलीत, आणि सहावीतल्या मुलाला पुढे पाठवलं जातं. ‘बाबा गावाला गेलेत म्हणून सांग.’ हप्ते थकलेल्या घरांत हे इतकं अंगवळणी पडतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. मुलगा मात्र समजून चुकतो की घरावर काहीतरी भयंकर आलंय, आणि त्याबद्दल विचारायचं नसतं.

आईबाबांनो, आज मला तुमच्याशी बोलायचंय ते घरखर्चाबद्दल. दिवाळं निघायची वेळ आलीय आणि बजेट कसलं करायचं, असं म्हणाल. पैसा खेळता असतो तेव्हा बजेट नसलं तरी निभावतं. तो आटतो तेव्हा मात्र कुणाला आधी द्यायचं हे कुणीतरी ठरवावंच लागतं. तुम्ही नाही ठरवलंत, तर वसुलीवाले ठरवतात.

एका बँकेच्या कर्जविभागात मी बरीच वर्षं काढली. तिथे कळलेली गोष्ट साधी आहे: अडचणीतला माणूस ज्याचं देणं सगळ्यात महत्त्वाचं त्याला आधी देत नाही, जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो त्याला देतो. लोन अ‍ॅपवाला दिवसातून वीस फोन करतो, त्याचे पैसे जातात. क्रेडिट कार्डवाला ऑफिसात फोन करायची धमकी देतो, त्याला मिनिमम ड्यू मिळतो. आजीची बीपीची गोळी ओरडत नाही, शाळेची फी दोन महिने गप्प बसते, किराणावाले काका भिडेपोटी मागत नाहीत. म्हणून ते सगळे मागे राहतात.

आता एक पान घ्या. उदाहरणादाखल एक घर धरू: हातात येणारा पगार ४२,०००. गृहकर्जाचा हप्ता १६,५००, पर्सनल लोन ९,८००, कार्डाचा मिनिमम ४,५००, लोन अ‍ॅप ६,०००, उचललेल्या भिशीचे ५,०००. बेरीज ४१,८००. उरले दोनशे रुपये. या दोनशेत घर चालत नाही, म्हणून महिन्याच्या दहा तारखेला नवं कर्ज निघतं. याला आपण ‘कसंबसं भागवतोय’ म्हणतो. भागत काहीच नसतं, देणं फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं.

तेच पान उलटं लिहा. आधी घर. किराणा, दूध, गॅस १२,०००. वीज १,५००. सोसायटीचा मेंटेनन्स २,०००. शाळा आणि व्हॅन ३,५००. आजीची औषधं १,८००. जाण्यायेण्याचा खर्च २,०००. टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेमचा महिन्याचा वाटा १,७००. झाले २४,५००. उरतात १७,५००, आणि देणेकऱ्यांनी वाटून घ्यायचे ते एवढेच. गृहकर्ज भरलं तर बाकी सगळ्यांना मिळून हजार रुपये. हा आकडा बघून पोटात गोळा येतो, पण तो खरा आहे. आधीचा ‘उरले दोनशे’ हा आकडा खोटा होता, कारण त्यात माणसं जेवतच नव्हती.

‘पण घर आधी लिहिणं म्हणजे लोकांचे पैसे बुडवणं नाही का?’ हा प्रश्न सभ्य माणसालाच पडतो, आणि म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहिता आहे, १९०८ सालची, इंग्रजांच्या काळातली. तिचं कलम ६० वाचा. कोर्टानं तुमच्याविरुद्ध हुकूमनामा दिला तरी काय जप्त करता येत नाही याची त्यात यादी आहे: अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजानुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं. पुढे प्रॉव्हिडंट फंड, पीपीएफ, आयुर्विम्याची रक्कम. आणि पगार? पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश तुमच्याकडेच राहतात (पोटगीचा हुकूमनामा असेल तर हिशोब वेगळा). आपल्या उदाहरणातल्या घरात, भत्त्यांचा तपशील बाजूला ठेवून ढोबळमानानं, महिन्याला साधारण २८,३०० रुपये घरात राहतील आणि फार तर १३,७०० जप्त होतील. ही जप्तीही एकाच हुकूमनाम्यासाठी एकूण २४ महिन्यांपलीकडे नाही. म्हणजे सावकाराच्या बाजूनं उभा राहिलेला कायदासुद्धा चूल, अंथरूण आणि मंगळसूत्र आधी वगळतो. भिडेखातर तुम्ही ती शेवटी लिहिता.

याच यादीमुळे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ज्या पैशाला देणेकरी हात लावू शकत नाही, तोच आपण घाबरून सगळ्यात आधी मोडतो. पीएफ काढून कार्ड भरू नका. तो पैसा तुमच्या म्हातारपणाचा आहे आणि कार्डाची भूक त्यानं शमत नाही. वरचे ४,५०० बघा ना. थकबाकी ९०,००० आणि व्याज महिना साडेतीन टक्के धरलं, तर ३,१५० व्याजात गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी ५६७, आणि मुद्दलातून उतरले फक्त ७८३. महिनाभर पोटाला चिमटा घेऊन ७८३!

पान लिहायला बसताना नवराबायको दोघं बसा. मला ठाऊक आहे, अवघड तेच आहे. बहुतेक घरांत एक तरी कर्ज दुसऱ्याला माहीत नसतं. मेहुण्याकडून हातउसने घेतलेले चाळीस हजार, गहाण टाकलेल्या आणि ‘लॉकरमध्ये आहेत’ म्हणून सांगितलेल्या बांगड्या, बचत गटातून नवऱ्यासाठी काढलेलं आणि सासूला न सांगितलेलं कर्ज. पहिल्या रात्री भांडण होणारच. होऊ द्या, फक्त मुलं झोपल्यावर. आणि त्या रात्री ‘कुणामुळे’ हा रकाना पानावर नको. कुणाचं, किती, व्याज काय, तारण काय, चेक दिलाय का, एवढेच रकाने पुरेत.

चेकचा रकाना मुद्दाम सांगितला. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे. दिलेला चेक न वटणं मात्र निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण होऊ शकतं, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट सिस्टिम कायद्यातही तशीच तरतूद आहे. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. म्हणून जिथे चेक अडकलेत तिथे आधी बोला, आणि नवा कोरा चेक कुणालाही सही करून देऊ नका, अगदी ‘फक्त सिक्युरिटी म्हणून’सुद्धा.

मग मोठा प्रश्न, घर ठेवायचं की विकायचं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं, आणि बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. नोटीस आली की लोक ती कपाटात ठेवतात. ठेवू नका, लेखी उत्तर द्या. आणि १६,५०० चा हप्ता येत्या वर्षभरात झेपणारच नाही असं पान सांगत असेल, तर घर स्वतः विका. लिलावात मिळते त्यापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधून विकलेल्या घराला सहसा चांगली किंमत येते, आणि कर्ज फिटून दोन पैसे हाती राहण्याची शक्यता असते. भाड्याच्या वन आरकेमध्ये मुलं वाढतात, चांगली वाढतात. सोन्याचंही तेच. सोडवून आणता येणार नाही हे दिसत असताना गहाण टाकणं म्हणजे व्याज भरत भरत विकणं. त्यापेक्षा सरळ मोडा.

भिशीबद्दल माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. उचललेली भिशी आणि कामवाल्या मावशींचा पगार मी कार्डाच्या आधी लिहीन, कारण कार्ड कंपनीनं बुडीत कर्जाचा हिशोब व्याजातच धरलेला असतो, मावशींनी नाही. पण रीतसर दिवाळखोरीसाठी कोर्टात जायचं ठरत असेल, तर आधी वकिलाला विचारा. १९२० च्या दिवाळखोरी कायद्यात, अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप दिल्याचं दिसलं तर तो व्यवहार उलटवता येतो. दोन वर्षांतली बक्षीसपत्रंही तशीच. तेव्हा फ्लॅट घाईघाईनं मेव्हण्याच्या नावावर करायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा.

मुंबई शहरात १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालय, बाकी महाराष्ट्रात १९२० चा कायदा आणि जिल्हा न्यायालय, अशी ही वाट आहे. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला आहे. सामान्य पगारदाराला या वाटेवर फारसं कुणी पाठवत नाही. बहुतेकांचं बँकेशी तडजोड करून किंवा लोकअदालतीत मिटतं. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही.

तडजोड झाली की रक्कम आणि तारीख बँकेच्या लेटरहेडवर घ्या. पैसे भरल्यावर ‘बाकी काही नाही’ असं पत्र घ्या. फोनवरच्या शब्दाला काही किंमत नाही. सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडेल आणि काही काळ कुणी कर्ज देणार नाही. मला विचाराल तर त्यात वाईट काही नाही.

आता पुन्हा त्या बेलकडे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, नातेवाईक आणि मित्रांमध्ये तुमची बेअब्रू करायची नाही. केलीच तर बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यांचा क्रमांक १४४४८. बिनपरवान्याचा सावकार असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार होते. दार उघडायला मात्र तुम्ही जा. ‘या महिन्यात एवढेच देऊ शकतो, पत्र बँकेला दिलंय, ही त्याची पोच.’ बस. हे वाक्य बोलायला त्या पानाचाच आधार असतो.

मुलांना काय सांगायचं? रकमा नकोत, पण खरं हवं. सहा-सात वर्षांच्या मुलीला ‘या वर्षी आपल्याकडे पैसे कमी आहेत, म्हणून वाढदिवस घरी करू, पण जेवण, शाळा आणि आपण सगळे आहोतच’ एवढं पुरतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कर्ज हा शब्द सांगा, आणि खर्चातला एखादा भाग त्याच्याकडे सोपवा. विजेचं बिल म्हणा, महिन्याचा भाजीबाजार म्हणा. त्याच्या गल्ल्याला हात लावू नका. त्यातल्या आठशे रुपयांनी तुमचा हप्ता सुटत नाही, त्याचा विश्वास मात्र सुटतो. क्लास बंद करावा लागला तर त्याचं कारण ‘तुझे मार्कच नाहीत’ असं देऊ नका. आपली लाज मुलाच्या गुणपत्रिकेवर ढकलणारे आईबाप मी पाहिलेत, आणि त्याचा मला अजून राग येतो.

शाळा बदलायची वेळ आली तर शिक्षणहक्क कायदा पाठीशी आहे. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर दाखला लगेच मिळायला हवा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून तिथला प्रवेश अडवता येत नाही. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं आणि दुपारचं जेवण मिळतं. त्यात कमीपणा वाटतो तो तुम्हाला. मुलांना तिथे आठवड्याभरात मित्र मिळतात.

मोठी मुलं एक प्रश्न मनात धरून बसतात आणि विचारत नाहीत: ‘बाबांचं कर्ज माझ्यावर येणार का?’ न विचारताच उत्तर द्या. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, ही जुनी तरतूद हिंदू वारसा कायद्यात २००५ साली मोडीत निघाली. त्यानंतरच्या कर्जासाठी मुलगा फार तर वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतं देणं लागतो, पदरचं नाही. अपवाद एकच, त्यानं स्वतः सही केली असेल तर.

आणि नेमकी तीच सही कुणीतरी मागायला येईल. मुलगी अठराची झाली की एखादा एजंट म्हणतो, ‘तिचं सिबिल कोरं आहे, तिच्या नावावर काढू.’ त्याला नाही म्हणा. तिच्या शिक्षणाची सोय वेगळी बघा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला लागतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत तहसील कचेरीत गर्दी असते. तेव्हा तो एप्रिलमध्येच काढून ठेवा.