घरच्या कागदांचे किट इन्स्पेक्शन

किट इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री आपल्या हाऊसमध्ये प्रत्येक वस्तू जागेवर लागते. घरातल्या पैशांच्या कागदांचे असे इन्स्पेक्शन आमच्याकडे कधीच झाले नव्हते. ते या उन्हाळ्याच्या सुट्टीत झाले.

बाबा सैन्यात हवालदार आहेत. त्यांच्या पलटणीतले एक काका अपघातात गेले. खाते कोणत्या बँकेत, विमा किती, काकूंना काहीच ठाऊक नव्हते. बाबा रजेवर साताऱ्याला आले ते हे मनात घेऊनच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली आणि आम्ही सगळे सतरंजीवर बसलो.

पहिली चूक लगेच सापडली. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर निघून रेकॉर्ड ऑफिसात आईचे नाव लागले होते. पण भरतीच्या वेळी उघडलेल्या बँक खात्यावर नॉमिनी आजीच होती. आजीला जाऊन ६ वर्षे झाली. एका ठिकाणची नोंद दुसरीकडे आपोआप बदलत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज द्यावा लागतो.

मग अंबाल्याच्या पोस्टिंगचे पासबुक निघाले. शेवटची नोंद ८ वर्षांपूर्वीची. २ वर्षे आपण व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. १० वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, बँकेकडे मागता येते. पण खाते आहे हेच घरी माहीत नसेल, तर मागणार कोण?

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सतरा वर्षे घर मी चालवते. पैसे कुठे आहेत ते मात्र आज कळतंय." बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी एक कोरी वही तिच्यापुढे ठेवली. लिहायचे काम माझ्याकडे आले. वहीचे पाच भाग केले :

१. बँक व पोस्टाची खाती : शाखा, क्रमांक, नॉमिनी.
२. विमा : सैन्याचा गट विमा, इतर पॉलिसी, हप्त्याची तारीख.
३. बचत : एएफपीपी फंड, पीपीएफ, मुदत ठेवी, मुदत कधी संपते.
४. देणे-घेणे : कर्ज, उसनवारी.
५. मूळ कागद कुठे ठेवले आहेत : लग्नाचा व जन्माचे दाखले, घराचे खरेदीखत.

पिन आणि पासवर्ड वहीत लिहायचे नाहीत, हा नियम बाबांचा. बँकेत नॉमिनी म्हणजे रक्कम स्वीकारणारा. वारसांचा हक्क त्याने संपत नाही. म्हणून इच्छापत्रही करायचे ठरले. पगाराचे खाते आईबरोबर संयुक्त केले.

रजा संपली तेव्हा आई बाबांना म्हणाली, "वही माझ्याकडे आहे. तुम्ही निर्धास्त जा."

मित्रांनो, पुढच्या सुट्टीत घरी एकच प्रश्न विचारा : आपल्या प्रत्येक खात्यावर नॉमिनी कोण आहे? उत्तर लगेच मिळाले नाही, तर त्याच दिवशी ट्रंक उघडा.